चार हजार मिनिटांचं कार्ड

३० युआनला ४००० मिनिटं. जून २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ चीनमध्ये सुरू झाला तेव्हा तिथला दर हा होता. कार्ड विकत घ्यायचं, त्यावरचा कोड खात्यात टाकायचा, की ६०० पॉइंट जमा. मग खेळत असताना तासाला ९ पॉइंट कापले जायचे. हिशेब केला तर एका कार्डात ६६ तास ४० मिनिटं.

अमेरिकेत याच खेळाचे महिन्याला १४.९९ डॉलर पडायचे. एकदा पैसे भरले की महिनाभर रात्रंदिवस खेळा, कोणी घड्याळ लावून बसलेलं नसायचं. चीनमधलं कार्ड तेव्हाच्या भावाने चार डॉलरच्याही आत येत होतं. स्वस्त वाटतं ना? रोज दोन तास खेळणाऱ्याला ते महिनाभर पुरायचं. रोज आठ तास खेळणाऱ्याचं मात्र नवव्या दिवशी संपायचं. दुनिया एकच, राक्षस तेच. पण एका देशात वेळ महिन्याच्या भाड्याने मिळत होता आणि दुसऱ्या देशात किराणा दुकानातल्या साखरेसारखा, हवा तेवढा, सुट्टा.

बीजीएमआयचे यूसी किंवा फ्री फायरचे डायमंड घेण्यासाठी तुम्ही कधी ना कधी रिडीम कोड टाकला असेल. कोड टाकला, हिरवी टिक आली, विषय संपला. पण या कोडचं घराणं जुनं आहे. आणि त्या घराण्याच्या गोष्टीत सारखा एकच प्रश्न डोकं वर काढतो: एका माणसाचा एक तास दुसऱ्याला विकता येतो का, आणि येत असेल तर कितीला?

सुरुवातीला घड्याळ सगळ्यांच्याच मानगुटीवर होतं. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत ‘कॉम्प्युसर्व्ह’ या सेवेवर ‘आयलंड ऑफ केस्मई’ नावाचा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. त्याचा दर तासाला ६ डॉलर. मोडेम वेगवान असेल तर १२ डॉलर, म्हणजे लवकर खेळण्याचा दंड वेगळा. रिक्षाचं मीटर पळताना पाहावं तसं लोक घड्याळाकडे बघत खेळत असणार. इंटरनेट आलं आणि मीटर गेलं. १९९६ चा ‘मेरिडियन ५९’, सप्टेंबर १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, मार्च १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ हे सगळे महिन्याला साधारण दहा डॉलर घ्यायचे आणि हवं तेवढं खेळू द्यायचे.

या सोयीला एक अट होती. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर कापायला काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे क्रेडिट कार्ड. ज्याच्याकडे ते नाही तो खेळाच्या दाराबाहेर. अमेरिकेत बाहेर राहिली ती मुख्यतः शाळकरी मुलं, आणि ती आईबाबांच्या मागे लागत. आशियात जवळजवळ सगळेच बाहेर राहिले.

कोरियाने यावर कार्डाशिवाय तोडगा काढला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे ‘पीसी बांग’ म्हणजे गेमिंग कॅफेंचं पेव फुटलं, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये आलेला ‘लिनिएज’ या कॅफेंमध्येच मोठा झाला. घरून खेळायचं तर महिन्याला २९,७०० वॉन. पण कॅफेत बसलात तर कंपनीचे पैसे कॅफेवाला भरायचा आणि तुम्ही त्याला तासाचे सुटे पैसे द्यायचे. बँकेची ओळख नसलेल्या पोराच्या वतीने कॅफेवाला जामीन राहिला म्हणा ना.

कार्डाची खरी कहाणी चीनमध्ये घडली. २००१ मध्ये शांघायच्या ‘शांडा’ या कंपनीने ‘लेजंड ऑफ मिर २’ हा कोरियन खेळ चीनमध्ये आणला. त्या काळी चीनमध्ये खेळाची सीडी विकून पैसे मिळवणं म्हणजे वाळू रगडण्यासारखं होतं, कारण अस्सल सीडीच्या शेजारीच नकली सीडी ठेवलेली असायची. ऑनलाइन खेळाला ही भीती कमी होती. सीडी कितीही नकलून घ्या, सर्व्हर कंपनीकडे आहे. (मिरच्या सर्व्हरचा कोडही पुढे फुटला आणि चोरटे सर्व्हर उभे राहिले, पण ती निराळी कथा.) प्रश्न होता पैसे गोळा करण्याचा. क्रेडिट कार्ड नाही, ऑनलाइन पेमेंट नाही, आणि खेळणारा बसलाय कुठल्यातरी जिल्ह्याच्या गावातल्या कॅफेत.

मग शांडाने कॅफेलाच दुकान केलं. आधी छापील कार्डं गेली. नंतर कॅफेवाल्याला थेट कंपनीच्या संगणकावरून गेम टाइम विकता येईल अशी व्यवस्था उभी राहिली. गिऱ्हाईक रोख देतं, कॅफेवाला आपल्या खात्यातून तेवढा वेळ त्याच्या खात्यात ढकलतो, मधलं कमिशन त्याचं. हे वाचताना तुम्हाला कोपऱ्यावरचा रिचार्जवाला आठवला असेल तर बरोबरच आहे. आपल्याकडे आजही दहापैकी नऊहून जास्त मोबाइल जोडण्या प्रीपेड आहेत. आधी पैसे, मग बोलणं. बँक ज्याला ओळखत नाही त्याच्याशी धंदा करायची ही रीत शांघायमध्येही तीच आणि सांगलीतही तीच.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ही रीत म्हणजे पर्वणी. पैसे आज मिळतात, सेवा उद्या द्यायची. उधारी नाही, वसुली नाही. कोणाचं कार्ड हरवलं, कोणी परीक्षेमुळे खेळ सोडला, तर त्याची उरलेली मिनिटं कंपनीच्याच खिशात. मे २००४ मध्ये शांडा अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरली, आणि तिचा संस्थापक चेन तियानच्याओ त्या वर्षी, वयाच्या एकतिशीत, चीनमधला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गणला गेला. हे साम्राज्य सुट्ट्या तासांवर उभं राहिलेलं होतं.

कार्ड घेणाऱ्याला बदल्यात नेमकं काय मिळालं, हा प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. ‘हाँगयुए’ म्हणजे ‘लाल चंद्र’ नावाच्या खेळातल्या एका खेळाडूची जमवलेली आभासी शस्त्रं कोणीतरी चोरली. त्याने कंपनीकडे चोराचं नाव मागितलं, कंपनीने नकार दिला, त्याने खटला भरला. त्याचं म्हणणं साधं होतं: दोन वर्षं आणि सुमारे दहा हजार युआन मी या खेळात घातले आहेत, तेव्हा ही शस्त्रं माझी मालमत्ता आहेत. कंपनी म्हणाली, तो तर आमच्या संगणकातला नुसता डेटा. डिसेंबर २००३ मध्ये बीजिंगच्या चाओयांग जिल्हा न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने निकाल दिला आणि शस्त्रं परत द्यायला सांगितलं. चीनमधला अशा तऱ्हेचा हा पहिला खटला मानला जातो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते त्या खेळाडूने मांडलेलं गणित. घातलेले तास आणि खरवडलेली कार्डं त्याने एकाच बेरजेत धरली.

ही बेरीज दोन वर्षांपूर्वी एका अर्थशास्त्रज्ञाने करून दाखवली होती. एडवर्ड कॅस्ट्रोनोवा या अमेरिकन प्राध्यापकाने ‘एव्हरक्वेस्ट’च्या नॉराथ या आभासी जगाचा हिशेब मांडला. खेळातल्या वस्तू लोक ईबेवर खऱ्या डॉलरला विकत होतेच. ते भाव धरून त्याने काढलं की नॉराथमध्ये एक तास खेळणं म्हणजे ३.४२ डॉलर कमावणं, आणि तिथलं दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया आणि बल्गेरियाच्या मधोमध. त्या वेळी भारताचं दरडोई उत्पन्न पाचशे डॉलरच्याही खाली होतं. म्हणजे जे जग नकाशावर नाही तिथला सरासरी रहिवासी आपल्यापेक्षा चौपट श्रीमंत! पेपरांनी ही गंमत म्हणून छापली. पण ज्या देशांत तासाला ३.४२ डॉलर ही मोठी रक्कम होती, तिथे काही लोकांना ती गंमत वाटली नाही. त्यांना तो धंदा दिसला.

तो धंदा म्हणजे गोल्ड फार्मिंग, सोन्याची शेती. खेळात तासन्‌तास तेच तेच राक्षस मारून नाणी जमवायची आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही अशा अमेरिकन-युरोपियन खेळाडूंना विकायची. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी जून २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझीन’मध्ये नानजिंगच्या अशाच एका ‘शेता’चं वर्णन केलं आहे. बारा तासांची रात्रपाळी, महिन्यातून दोन-तीन सुट्ट्या. शंभर सोन्याची नाणी जमवली की कामगाराला मिळायचे १० युआन, म्हणजे सव्वा डॉलर. मालक तीच नाणी ३ डॉलरला पुढे विकायचा. आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला ती पडायची २० डॉलरपर्यंत. कामगाराचा तास साधारण ३० सेंटचा होता. म्हणजे शंभर नाण्यांसाठी चारेक तास राबायचं आणि त्याच्या सोळापट किमतीला ती दुसऱ्याच्या हाती जायची. कांद्याचा भाव शेतात काय असतो आणि शहरात काय, हे ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवीन काही वाटू नये.

या शेताला खंडही होता. नाणी पिकवणाऱ्या प्रत्येक खात्याला गेम टाइम लागायचाच. म्हणजे कंपनी एकीकडे ‘सोनं विकायला बंदी आहे’ म्हणत खाती बंद करत होती आणि दुसरीकडे त्याच खात्यांचं भाडं घेत होती. बंद झालेल्या खात्याच्या जागी नवं खातं उघडलं की पुन्हा भाडं.

आता इथे कोडच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात शिकायला राहिलेल्यांना मेसची कूपनं माहीत असतात. महिन्याची कूपनं आधीच घ्यायची. मग चार दिवस गावाला जायचं ठरलं की उरलेली कूपनं रूममेटला विकायची, किंवा त्याने आपली असाइनमेंट लिहून द्यायची आणि आपण दोन कूपनं. मेसवाल्याने जेवणासाठी छापलेला कागद मुलांमध्ये चलन होऊन फिरायला लागतो. क्रेडिट कार्डावरून दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या पैशांना हे जमत नाही, कारण ते थेट तुमच्या नावाला चिकटलेले असतात. कोडला नाव नसतं. जो आधी टाकेल त्याचा. म्हणून तो भेट देता येतो, विकता येतो, चोरताही येतो.

हे चलन सर्वांत आधी नीट ओळखलं ते आइसलंडच्या एका कंपनीने. रेक्याविकच्या ‘सीसीपी’चा ‘ईव्ह ऑनलाइन’ मे २००३ मध्ये सुरू झाला. अंतराळातली जहाजं, खाणी, व्यापार आणि कमालीचा विश्वासघात असा हा खेळ. यातल्या चलनाचं नाव इस्क. खेळात त्याची फोड ‘इंटरस्टेलर क्रेडिट्स’ अशी होते, पण आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचं आंतरराष्ट्रीय लघुरूपही तेच. ईव्हचे ६० दिवसांचे गेम टाइम कोड दुकानात मिळायचे. पैसेवाले खेळाडू दोन-चार कोड जास्तीचे घ्यायचे आणि खेळातल्या इस्कच्या बदल्यात दुसऱ्या खेळाडूंना द्यायचे. घेणाऱ्याचा महिना फुकट, देणाऱ्याला नवं जहाज. अडचण एकच: आधी कोण देणार? कोड सांगितला आणि समोरच्याने इस्क दिलंच नाही, तर तक्रार कुठे करणार? विश्वासघात हाच जिथे खेळ, तिथे तर विचारायलाच नको.

सीसीपीने आधी या देवघेवीला सुरक्षित रस्ता करून दिला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. ६० दिवसांचा कोड आता खेळातच मोडता येऊ लागला, आणि त्यातून ३० दिवसांच्या दोन वस्तू निघू लागल्या. वस्तूचं नाव प्लेक्स, म्हणजे ‘वैमानिकाच्या परवान्याची मुदतवाढ’. ती खेळातल्या बाजारात लोखंड किंवा तोफेसारखी मांडून विकता येत होती, आणि रोज तिचा भाव ठरत होता. बरोबर महिनाभर आधी आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या होत्या आणि खरा क्रोना गाळात गेला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण त्या हिवाळ्यात रेक्याविकमध्ये बनलेल्या दोन ‘इस्क’पैकी कोणतं जास्त भरवशाचं, असा विनोद सुचणारच. सीसीपीने २००७ मध्येच एयोल्फुर गुडमुंडसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला खेळातल्या बाजारावर लक्ष ठेवायला नोकरीवर घेतलं होतं. पुढे हे गृहस्थ आकुरेरीच्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

प्लेक्स जहाजात भरून नेता येऊ लागल्यावर, ऑगस्ट २०१० मध्ये, जे व्हायचं ते झालं. एका खेळाडूने केस्ट्रेल नावाच्या लहानशा, स्वस्तातल्या जहाजात ७४ प्लेक्स भरले आणि तो जिता या सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेत आला. तिथे दोघांनी ते जहाज उडवलं. आत काय आहे याची त्यांना कल्पना असो-नसो, त्यांच्या हाती काही लागलं नाही, कारण सगळे प्लेक्स जहाजाबरोबर जळाले. सहा वर्षं आणि दोन महिने. डॉलरमध्ये सुमारे १,३००. लोक हसले, हळहळले. पण कंपनीच्या चोपडीतून बघा. त्या ७४ महिन्यांचे पैसे कोणीतरी आधीच भरलेले होते. आणि आता ७४ महिन्यांची सेवा कोणालाच द्यायची राहिली नव्हती.

प्लेक्समुळे प्रत्येक जहाजाला डॉलरमधली किंमत चिकटली. जानेवारी २०१४ मध्ये ‘बी-आर५आरबी’ या तारामंडलात हजारो खेळाडूंची लढाई झाली, ७५ टायटन जहाजं नष्ट झाली, आणि जगभरच्या पेपरांत ‘तीन लाख डॉलरचं नुकसान’ असा मथळा आला. तो आकडा प्लेक्सच्या भावावरूनच काढलेला होता. एवढे डॉलर त्या रात्री कोणाच्या खिशातून गेले नव्हते. गेले होते ते बांधणाऱ्यांचे तास, आणि त्या तासांना आता विनिमयाचा दर होता.

आता पैशाचा रस्ता पाहा, कारण सगळी मेख तिथे आहे. ईव्हची महिन्याची वर्गणी होती १४.९५ डॉलर. ६० दिवसांचा कोड सुमारे ३५ डॉलरला मिळायचा, म्हणजे प्लेक्समागे साडेसतरा डॉलर. जो खेळाडू ‘मी फुकट खेळतो, इस्क कमावून प्लेक्स घेतो’ अशी फुशारकी मारायचा, त्याच्या महिन्याचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेले असायचेच, आणि तेही अडीच डॉलर जास्त. कंपनीच्या लेखी फुकट खेळणारा हा पैसे भरणाऱ्यापेक्षा जास्त किमतीचा! शिवाय प्लेक्स एकेरी रस्ता होता. डॉलर आत जायचे, बाहेर यायचे नाहीत. अपवाद एकच, खेळाडूंनी दान केलेले प्लेक्स कंपनी रोखीत बदलून मदतनिधीला द्यायची. २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये हैयान चक्रीवादळ आलं तेव्हा असे सुमारे १ लाख ९० हजार डॉलर रेड क्रॉसला गेले.

कंपन्या या व्यवस्थेकडे सोन्याच्या काळ्या बाजारावरचा उतारा म्हणून बोट दाखवत. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०११ मध्ये जागतिक बँकेच्या ‘इन्फोडेव्ह’ने छापलेल्या अहवालात २००९ साली या धंद्याची उलाढाल तीन अब्ज डॉलरच्या आसपास असावी आणि चीन-व्हिएतनाममध्ये त्यावर लाखभर लोक जगत असावेत, असा अंदाज दिला होता. त्याच अहवालात एक तुलना होती, जी मला आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते: कॉफीच्या जागतिक बाजारातल्या ७० अब्ज डॉलरपैकी कॉफी पिकवणाऱ्या देशांच्या वाट्याला जेमतेम साडेपाच अब्ज येतात, उलट आभासी सोन्याचे बरेचसे पैसे ते पिकवणाऱ्या देशांतच राहतात. नानजिंगच्या त्या कामगाराच्या नव्हे, मालकांच्या खिशात, हे खरं. तरी देशात. कंपनीने स्वतःच कोड विकून सोनं द्यायला सुरुवात केली की ती मधल्या दलालाच्या गादीवर बसते. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबते, पण ते पैसे आता नानजिंगऐवजी रेक्याविकला जातात.

आणि काळा बाजार थांबला का? चोरीच्या क्रेडिट कार्डावर कोड घ्यायचे आणि अर्ध्या किमतीत फुंकून टाकायचे, हा नवाच उद्योग निघाला. खऱ्या मालकाने बँकेत तक्रार केली की पैसे परत जातात, कोड रद्द होतो, आणि स्वस्तात कोड घेतलेल्या पोराचं खातं बंद पडतं. ‘५० टक्के सूट, गेम टाइम कोड’ अशा जाहिरातींमागे बऱ्याचदा हे असतं.

मोठ्या खेळांनी मात्र हा रस्ता उचलला. ‘रूनस्केप’ने सप्टेंबर २०१३ मध्ये ‘बाँड’ आणले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत ‘टोकन’ काढलं: २० डॉलरला घ्या, खेळातल्या सोन्याला विका, घेणाऱ्याला ३० दिवस. सुरुवातीचा भाव होता ३०,००० सोन्याची नाणी. १५ डॉलरचा महिना इथे २० डॉलरला जात होता, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच.

याचा सर्वांत विचित्र वापर व्हेनेझुएलात झाला. तिथे परकीय चलनावर २००३ पासून निर्बंध होते, आणि महागाईने बोलिव्हारचा कागद झाला होता. २०१७ मध्ये कोणीतरी हिशेब केला आणि बातमी जगभर गेली: काळ्या बाजाराच्या दराने वॉरक्राफ्टचं सोनं बोलिव्हारपेक्षा महाग आहे. हा हिशेब ज्या काट्यावर तोलला गेला तो काटा म्हणजे टोकन. लोक मात्र सोनं पिकवत होते ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये, कारण तो जुन्या, रडतखडत चालणाऱ्या संगणकावरही चालतो. सभासदत्वासाठी आंतरराष्ट्रीय कार्ड लागलं असतं, ते कुठून आणणार? पण बाँड होता. आधी काही तास खेळून खेळातल्या नाण्यांनी बाँड घ्यायचा, म्हणजे चौदा दिवसांचा खंड फिटला. त्यानंतर पिकेल ते आपलं. ते चोरून विकायचं आणि त्यातून भाजी-औषध आणायचं. कूळकायद्याच्या आधीची गोष्ट वाचतोय असं वाटावं.

सप्टेंबर २०१७ मध्ये रेडिटवर एक मार्गदर्शिका फिरली. हिरव्या ड्रॅगनच्या मैदानात व्हेनेझुएलाचे लोक राबत असतात, त्यांना कसं शोधायचं आणि मारायचं, याची. खेळाच्या नियमात ते बसत होतं, कारण त्या भागात कोणीही कोणाला मारू शकतो. मारणाऱ्याच्या लेखी ती शिकार होती. मेलेल्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे गेलेले असायचे. दोघांच्या पडद्यावर चित्र तेच. मी या इतिहासातले पुष्कळ आकडे पुन्हा पुन्हा तपासले, पण मनातून जात नाही ती ही मार्गदर्शिका.

भारतात महिन्याच्या वर्गणीचे खेळ कधी रुजले नाहीत. वॉरक्राफ्ट खेळणारे इथे होते, ते युरोपच्या सर्व्हरवर, आणि त्यातल्या अनेकांना कोडच सोयीचा पडायचा. आपली पिढी आली थेट मोबाइलवर, वर्गणीऐवजी यूसी-डायमंडवर. तरी कोड काही गेला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक केले आणि कित्येकांची परदेशी वर्गणी एका रात्रीत अडकली. २०२२ मध्ये ॲपलने तर भारतात आपल्या ॲप स्टोअरवर क्रेडिट-डेबिट कार्ड घेणंच बंद केलं. यूपीआय, नेटबँकिंग किंवा आधी भरलेली शिल्लक एवढेच रस्ते उरले. शांघायच्या कॅफेतल्या पोराकडे कार्ड नव्हतं म्हणून कोड आला होता. इथे कार्ड असलेले लोकही आधी पैसे भरण्याकडे वळले.

आधी भरलेल्या पैशांची दुसरी बाजू आपण पाहिलेलीच आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. यूसी, पोशाख, बंदुकांचे रंग, सगळं कुलूपबंद. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि जुना डेटा इकडे आणू दिला, तेव्हा अनेकांना आपली बॅग परत मिळाली. मिळाली ती कंपनीने दिली म्हणून. बीजिंगच्या त्या खेळाडूसारखं आपल्याकडे कोणाला न्यायालयातून मिळालेली नव्हती.

चीनमध्येही ती वेळ आली. वॉरक्राफ्ट २००९ मध्ये ‘नेटईज’ या कंपनीकडे गेला होता. २०१६ मध्ये तिने पॉइंटची पद्धत मोडून ७५ युआनचा सरळ महिना सुरू केला. मग अमेरिकन मालक आणि नेटईज यांचं फाटलं आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस चीनमधले सर्व्हर बंद झाले. शेवटच्या रात्री लोक खेळातल्या शहरांमध्ये गोळा होऊन एकमेकांचे निरोप घेत होते. नंतर न वापरलेल्या वेळेचे पैसे परत देण्याची सोय झाली तेव्हा ऑनलाइन रांग लाखोंची होती. २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांची दिलजमाई झाली आणि खेळ परत आला. जुन्या खेळाडूंनी लॉगइन केलं तेव्हा त्यांची पात्रं जागच्या जागी होती. ज्यांनी रांगेत उभं राहून आपला उरलेला वेळ परत विकला होता, त्यांनी तो पुन्हा विकत घेतला, आता महिन्याच्या हिशेबाने.